गोळी रक्तापर्यंत पोचली का? लुसाकातल्या गरोदर बायकांच्या मोजणीसाठी एक खुलं पत्र

प्रति,
मा. परराष्ट्रमंत्री आणि मा. आरोग्यमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

झांबियाची राजधानी लुसाका इथे गरोदर बायकांमधलं एचआयव्हीचं प्रमाण गेली कित्येक वर्षं मोजलं जातंय. हे काम टिकावं म्हणून भारताने हात द्यावा, एवढंच मागायला हे पत्र लिहिते आहे. औषधं मागणारी पत्रं आपल्या दोन्ही मंत्रालयांत पुष्कळ येत असतील. मोजणीसाठी मदत मागणारं पत्र क्वचितच येत असेल, कारण मोजणी कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. खोक्यांवर झेंडा छापता येतो, रजिस्टरच्या रकान्यावर नाही. म्हणून मदत आटली की पहिली कात्री मोजणीवर चालते.

मी महाराष्ट्रातल्या एका जिल्हा रुग्णालयात एचआयव्ही समुपदेशक होते. नंतर काही वर्षं लुसाकात एका आरोग्य प्रकल्पात नोंदींचं काम केलं. दोन्हीकडे माझ्यासमोर बसलेल्या होत्या त्या पोटुशा बायका, आणि दोन्हीकडे प्रश्न तोच होता: हिला लागण आहे का, असेल तर हिला ते माहीत आहे का, आणि हिच्या बाळापर्यंत ती पोचणार नाही याची तजवीज झाली आहे का.

गरोदर बायकांचीच मोजणी का, हे आधी सांगते, कारण मराठी वाचकही हे पत्र वाचणार आहेत. 1980 च्या दशकात एड्स आला तेव्हा एखाद्या शहरात किती लोकांना लागण झाली आहे हे कळायला मार्ग नव्हता. धडधाकट माणसाला बोलावून रक्त मागितलं तर तो येणार नाही. गरोदर बाई मात्र आपणहून दवाखान्यात येते, आणि उपदंशाच्या तपासणीसाठी तिचं रक्त काढलंच जातं. त्या नळीत तळाशी थोडं रक्त उरतं. त्यावरचं नाव काढून टाकायचं, वय, वस्ती असे दोन-चार तपशील ठेवायचे आणि एचआयव्हीची तपासणी करायची. जगभर ही पद्धत रुळली. आपल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनेही 1998 पासून, सुरुवातीला दरवर्षी आणि नंतर वर्षाआड, हेच केलं. ठरलेल्या केंद्रावर ठरलेल्या तीन महिन्यांत ओळीने येणाऱ्या 400 गरोदर बायका घ्यायच्या, मधली एकही सोडायची नाही. याच आकड्यांवरून महाराष्ट्र देशातल्या सहा जास्त लागणीच्या राज्यांत मोडला. गरोदर बायकांमध्ये एक टक्का ओलांडला की राज्य त्या यादीत जायचं. एक टक्का म्हणजे आपल्याकडे घबराट होती. लुसाकात त्या काळात दर चार गरोदर बायकांत एक बाधित होती.

चारांत एक, हे कागदावर वाचणं वेगळं. तिथल्या गरीब वस्त्यांना कंपाउंड म्हणतात. कान्यामा, चावामा, मातेरो, जॉर्ज, कालिंगालिंगा ही त्यांची नावं. पहाटेपासून दवाखान्याच्या बाकांवर बायका बसलेल्या असतात, कमरेला रंगीत चितेंगे गुंडाळलेलं, एखादीच्या पाठीशी आधीचं मूल बांधलेलं. कामाला सुरुवात होण्याआधी सिस्टर सगळ्यांना उभं करून आरोग्याची गाणी म्हणून घेतात. मग आहार, मच्छरदाणी, बाळंतपणाची तयारी आणि एचआयव्ही यांवर न्यांजा भाषेत बोलणं होतं. बाक आठ बायकांचं असेल, तर त्या काळातल्या हिशेबाने त्यातल्या दोघींना लागण. कुठल्या दोघी हे चेहऱ्यावरून कधीच कळलं नाही, आणि कित्येकदा त्या दोघींनाही ठाऊक नसायचं.

झांबियात एड्सचा पहिला रुग्ण 1984 मध्ये नोंदला गेला. 1987 मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेथ काउंडा यांनी आपला मुलगा एड्सने गेला, हे जाहीरपणे सांगितलं. आफ्रिकेत काय, जगात कुठेही त्या काळी सत्तेवरच्या माणसाने असं बोलणं सोपं नव्हतं. या देशाने आजार लपवला नाही. त्याच्याकडे पैसा नव्हता, औषध नव्हतं, पण मोजायची तयारी होती, आणि ती त्याने पुढेही सोडली नाही.

आता मुद्द्याचं. 2001 च्या अखेरीस लुसाकाच्या सरकारी दवाखान्यांत आईकडून बाळाला होणारी लागण थांबवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. त्या काळचं औषध होतं नेविरापीन. कळा सुरू झाल्या की आईने एक गोळी घ्यायची आणि जन्मानंतर बाळाला थोडं सिरप पाजायचं. युगांडातल्या 1999 च्या चाचणीत तुलनेच्या औषधापेक्षा यामुळे बाळांची लागण जवळजवळ निम्म्यावर आली होती. औषध स्वस्त, देणं सोपं. सगळ्यांना वाटलं, आता फक्त गोळ्या पोचवायच्या.

2003 च्या मध्यावर (तिथे तेव्हा थंडी असते) लुसाकातल्या 10 प्रसूती केंद्रांवर एक वेगळी मोजणी झाली. बाळंतपणानंतर नाळ आणि वार टाकूनच देतात. त्या टाकून द्यायच्या नाळेतलं थोडं रक्त घेतलं, त्यावरचं नाव काढलं आणि दोन गोष्टी तपासल्या. एक, एचआयव्ही आहे का. दोन, त्या रक्तात नेविरापीन सापडतं का.

एकूण 8787 बाळंतपणं. 7204 बायकांना गरोदरपणात तपासणीबद्दल विचारलं गेलं होतं, म्हणजे दीड हजारांहून अधिक बायकांना कुणी विचारलंच नव्हतं. विचारलेल्यांपैकी 5149 जणींनी होकार दिला. नाळेच्या रक्तातून दिसलं की 2257 आया बाधित आहेत, सुमारे 26 टक्के. यांपैकी आपण बाधित आहोत हे 1246 जणींच्या बाबतीतच कळलेलं होतं. त्यांतल्या 1112 जणींना गोळी दिल्याची नोंद होती. म्हणजे 89 टक्के. कुठल्याही आढावा बैठकीत हा आकडा ठेवला तर टाळ्या पडतील. पण नाळेच्या रक्तात औषध सापडलं ते 751 जणींच्या. आणि आई व बाळ दोघांनाही औषध मिळालं अशा जोड्या निघाल्या त्या 2257 मधल्या जेमतेम 30 टक्के.

साहेब, हे आकडे मी डोळ्यांसमोरून हलू देत नाही. रजिस्टर म्हणत होतं 89. रक्त म्हणत होतं 30. दोन्ही खरं बोलत होते. रजिस्टरला विचारलेला प्रश्न होता, ज्यांची लागण कळली त्यांना गोळी दिली का. रक्ताला विचारलेला प्रश्न होता, या शहरातल्या बाधित आयांपैकी किती जणी आणि त्यांची किती बाळं खरोखर वाचवली जात आहेत. मधल्या फरकात शेकडो बाळं होती.

गोळी हातात पडूनही पोटात का गेली नसेल, याची कारणं मी दोन्ही देशांत ऐकली आहेत. गोळी घरी नेऊन ठेवायची, कळा येईपर्यंत जपायची. घरात नवरा, सासू, नणंद. ही कसली गोळी म्हणून कुणी विचारलं तर काय सांगायचं? खऱ्या कळा कुठल्या आणि खोट्या कुठल्या हे पहिलटकरणीला कळत नाही. रात्री घाईने निघताना पिशवीत गोळी राहून जाते. एखादी बाई ती मुद्दाम फेकते, कारण गोळी जवळ आहे तोवर निदानही जवळ आहे. यातलं काहीही रकान्यात मावत नाही. नाळेच्या रक्तातून कारण कळलं नाही, पण कुठेतरी कारण आहे आणि ते शोधायला हवं, एवढं कळलं. मोजणीकडून मला तेवढंच हवं असतं.

ही मोजणी 2005 च्या ऑक्टोबरपासून 2006 च्या जानेवारीपर्यंत पुन्हा झाली. नाळेच्या रक्तातलं लागणीचं प्रमाण 25.7 वरून 21.8 टक्क्यांवर आलं होतं. दवाखान्यातल्या रोजच्या तपासण्यांची बेरीज केली, तेव्हा तिथेही 2002 च्या तिसऱ्या तिमाहीतले 24.5 टक्के 2006 च्या अखेरीला 21.4 झालेले दिसले. दोन वेगळ्या वाटांनी काढलेले आकडे जवळपास एकाच ठिकाणी येऊन थांबले. 17 वर्षं आणि त्याखालच्या गरोदर मुलींमध्ये प्रमाण 12.1 वरून 7.7 वर आलं होतं. मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो हा शेवटचा आकडा. पस्तिशीच्या बाईला लागण कधी झाली, दहा वर्षांपूर्वी की गेल्या महिन्यात, हे सांगता येत नाही. सतरा वर्षांच्या मुलीला झाली असेल तर ती अलीकडचीच. त्या मुलींमधलं प्रमाण खाली येतंय याचा अर्थ शहरात नव्या लागणी कमी होत होत्या. 2008 मध्ये हे निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात छापून आले.

या मोजणीने आणखी एक अडचण सोडवायला मदत केली. उरलेल्या रक्ताची बिननावाची तपासणी मला पहिल्यापासून खटकायची. नमुना बाधित निघाला तरी ती बाई कोण हे शोधायचा मार्गच ठेवलेला नसायचा. औषधच नव्हतं तोवर त्याचं समर्थन होऊ शकत होतं. औषध आल्यावर तिच्या रक्तातून आकडा घ्यायचा आणि तिला सांगायचं नाही, हे कुठल्या तोंडाने करणार? लुसाकाने दाखवून दिलं की बाईला विचारून, तिला निकाल सांगून, तिला औषध देऊन ज्या रोजच्या नोंदी होतात, त्यांतूनही शहराचं चित्र उभं राहतं. अट एकच, बहुतेक सगळ्या बायकांची तपासणी झाली पाहिजे आणि नोंद नीट झाली पाहिजे. पुढच्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेनेही देशांना हीच दिशा दिली.

पण त्यामुळे सगळा भार त्या एका रजिस्टरवर आला, आणि ते रजिस्टर सिस्टरच्या हातात असतं. दक्षिण लुसाकातल्या एका केंद्रावरची दुपार सांगते. बायका गेल्या आहेत, टेबलावर रजिस्टर उघडं आहे, त्याचं पान टेबलापेक्षा रुंद. प्रत्येक बाईची एक ओळ: वय, कितवी खेप, किती आठवडे, उपदंश, एचआयव्ही. निकालाच्या रकान्यात इंग्रजी एक अक्षर किंवा दोन अक्षरं, लागण आहे किंवा नाही. बोटाला टोचून पहिली पट्टी, तिच्यावर दोन रेघा उमटल्या तर दुसऱ्या कंपनीची खात्रीची चाचणी. महिनाअखेर आली की सिस्टर आखायची मोजपट्टी आडवी धरून ओळ चुकू न देता खाली सरकत जातात आणि कोऱ्या कागदावर काड्या मारतात. चार उभ्या, एक आडवी. चार उभ्या, एक आडवी. मध्येच आतून कुणी कण्हलं की पेन तिथेच ठेवून प्रसूतीच्या खोलीत धाव. परत आल्यावर मोजपट्टी कुठल्या ओळीवर होती? देशाचा आकडा या काड्यांनी बनतो. तिथे स्मार्टकेअर नावाची संगणक नोंदपद्धतही आहे, पण संगणकात भरायला आधी कुणीतरी लिहावं लागतं, आणि वीज असावी लागते.

अशा ठिकाणी केवळ नोंदी बघणारा एक माणूस असला की केवढा फरक पडतो, हे मी पाहिलं आहे. तो रकाने ताडून बघतो. किट संपल्यामुळे ज्या दिवशी तपासण्या झाल्या नाहीत, ते दिवस तो वेगळे लिहितो. नाहीतर तपासलं नाही आणि लागण नाही यांची सरमिसळ होते. अशा माणसांचे पगार बऱ्याच ठिकाणी परदेशी मदतीतून येत.

ती मदत आता भरवशाची राहिलेली नाही. 2003 मध्ये सुरू झालेल्या अमेरिकेच्या पेपफार या एचआयव्हीविरोधी मदत कार्यक्रमाने आफ्रिकेत लाखो जीव वाचवले, हे कृतज्ञतेनेच म्हटलं पाहिजे. 20 जानेवारी 2025 ला अमेरिकेच्या अध्यक्षांनी परदेशी मदत 90 दिवसांसाठी थांबवली. त्यातून काही कामं सूट मिळून पुन्हा सुरू झाली, अनेक झालीच नाहीत. घरोघर जाऊन होणाऱ्या लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणांचा निधी अमेरिकेने त्याच वर्षी बंद केला. आपलं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण याच घराण्यातलं. त्याच सर्वेक्षणांमुळे झांबियातल्या 15 ते 49 वयोगटातलं प्रमाण 2001-02 मधल्या 15.6 टक्क्यांवरून 2018 मध्ये 11.1 टक्क्यांवर आल्याचं कळलं होतं. मे 2025 मध्ये अमेरिकेने झांबियाची वर्षाला 5 कोटी डॉलरची औषधं आणि साहित्याची मदत कापत असल्याचं जाहीर केलं. कारण दिलं, दान केलेली औषधं चोरून खासगी दुकानांत विकली जातात. चोरी झाली असेल तर चोर पकडलेच पाहिजेत. पण त्याची शिक्षा कान्यामातल्या बाकावर बसलेल्या बाईला का, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही. आणि औषध कुठे गळतं हे शोधायचं असेल तर तिथेही मोजणीच लागते.

सर्वेक्षण कमी झालं की गरोदर बायकांच्या नोंदी हीच मुख्य खिडकी उरते. म्हणून आत्ता त्या नोंदींना हात देणं निकडीचं आहे.

भारताने का द्यावा? 2001 मध्ये मुंबईच्या सिप्लाने तीन औषधांचा एचआयव्हीवरचा उपचार वर्षाला 350 डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली. तेव्हा श्रीमंत देशांतल्या कंपन्यांचा भाव दहा हजार डॉलरच्या वर होता. त्या एका घोषणेने आफ्रिकेत उपचार शक्य आहे हे जगाला मान्य करावं लागलं. 2006 नंतरच्या वर्षांत गरीब देशांसाठी देणगीच्या पैशातून घेतलेल्या एचआयव्हीच्या औषधांपैकी 80 टक्क्यांहून अधिक भारतात बनलेली होती. या गोष्टीचा मला अभिमान आहे, आपल्यालाही असेल. पण बी आपलं, पेरणी आपली, आणि उगवलं किती हे बघायला शेताकडे फिरकायचंच नाही, हे कुठलाही शेतकरी करणार नाही. गोळी आपल्या कारखान्यातून निघाली. ती रक्तापर्यंत पोचली का, हे विचारणं आपलंही काम आहे.

दुसरं कारण आपल्या स्वतःच्या अनुभवाचं. भारतात 57 लाख एचआयव्हीबाधित आहेत असा अंदाज 2006 मध्ये जगाने मान्य केला होता. 2007 मध्ये तो सुमारे 25 लाखांवर आला. माणसं मेली नव्हती की बरी झाली नव्हती. आपण अधिक ठिकाणी मोजू लागलो होतो आणि कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पहिल्यांदाच घरोघरच्या लोकांचं रक्त तपासलं गेलं होतं. सरकारी रुग्णालयांत येणाऱ्या बायकांवरून सगळ्या देशाचं अनुमान काढणं कुठे फसतं, हे आपण तेव्हा शिकलो. बाधित बाईला दिवस जाण्याची शक्यता कमी असते, श्रीमंत बाई सरकारी दवाखान्यात येत नाही, पुरुष तर या मोजणीत येतच नाहीत. हे सगळं सांभाळून आकडा कसा वाचायचा, याचं ज्ञान आज पुण्याच्या भोसरीत 1992 मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या नावाने उभ्या राहिलेल्या संस्थेत आहे, चेन्नईत आहे, चंदीगडला आहे. 2019 च्या फेरीत आपल्या गरोदर बायकांमधलं प्रमाण 0.24 टक्के आलं. आपल्याकडची आग बरीच आटोक्यात आली असताना हे शिकलेले लोक झांबियाच्या कामी का येऊ नयेत?

आकडा वाचण्याबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे, कारण मदत देणारे तिथेच चुकतात. झांबियाने 2013 पासून प्रत्येक बाधित गरोदर बाईला जन्मभराचा उपचार द्यायला सुरुवात केली. शेजारच्या मलावीने ही वाट 2011 मध्ये पाडली होती. त्यामुळे ज्या बाईला पहिल्या बाळंतपणात लागण कळली, ती आज रोज एक गोळी घेत धडधाकट आहे आणि तिसऱ्या खेपेला त्याच बाकावर आली आहे. बाधितांच्या मोजणीत ती तीनदा आली, आणि तिची तिन्ही मुलं निरोगी असू शकतात. उपचाराशिवाय बाळाला लागण होण्याची शक्यता 15 ते 45 टक्के असते, नीट उपचारांनी ती 5 टक्क्यांच्या खाली येते. म्हणून प्रमाण फारसं उतरलं नाही याचा अर्थ पैसा वाया गेला असा घेऊ नका. बाया जगल्या, असाही त्याचा अर्थ असतो. त्या एका टक्केवारीचे तुकडे करून पाहावे लागतात. आधीच माहीत असलेल्या आणि उपचारावर असलेल्या किती. आजच कळलं अशा किती. वीस वर्षांखालच्या किती. आणि पहिल्या तपासणीत निर्दोष निघालेल्या, पण गरोदरपणात किंवा अंगावर पाजत असताना लागण झालेल्या किती. हा शेवटचा गट सगळ्यांत निसटता, कारण एकदा नाही असं लिहिलं की पुन्हा तपासायला कुणी जात नाही. अलीकडच्या लागणीत रक्तातला विषाणू भरमसाट असतो, त्यामुळे बाळाला धोका जास्त असतो.

आता मागणं. झांबियाच्या आरोग्य मंत्रालयाला आधी विचारा, त्यांना काय हवं आहे. तिथले लोक हे काम आपल्यापेक्षा जवळून जाणतात, आणि नाळेच्या रक्ताची मोजणी आपल्याला त्यांच्याकडून शिकता येईल. त्यांनी होकार दिला तर परदेशी अधिकाऱ्यांना शिकवणाऱ्या, 1964 पासून चालत आलेल्या भारत सरकारच्या आयटेक प्रशिक्षण योजनेत लुसाकाच्या नोंद अधिकाऱ्यांसाठी आणि सिस्टर्ससाठी जागा राखून ठेवा. त्यांना इथल्या संस्थांत बोलवा आणि आपले तज्ज्ञ तिकडे पाठवा. औषधं किंवा किट द्यायचं ठरवाल तेव्हा त्याच मंजुरीत नोंदींसाठी माणसांचे पगार धरा. पाच वर्षांचे धरा, एका वर्षाचे नकोत. वर्षभराने करार संपला म्हणून घरी गेलेला माणूस रजिस्टरसाठी नसल्यासारखाच. गरोदर बाईला तपासणी नाकारावी लागेल इतक्या किट कधीच संपू नयेत, एवढा साठा भारत पुरवू शकतो. आपल्याकडे एचआयव्हीच्या तपासणी किट बनवणारे कारखाने आहेत.

आणि नाळेच्या रक्ताची ती मोजणी आजच्या औषधांना धरून पुन्हा व्हावी, यासाठी पैसा द्या. आज गोळी एकदाच घ्यायची नसते, रोज घ्यायची असते. तेव्हा विचारायचं ते असं की प्रसूतीच्या वेळी आईच्या रक्तात विषाणू दबलेला आहे का. यावेळी मात्र बाईची संमती घेऊन, आणि तिला निकाल सांगून. नमुने झांबियातल्या प्रयोगशाळेत तपासले जावेत, आकडे झांबियाचे राहावेत, छापायचे की नाही आणि कधी, हे त्यांनी ठरवावं. आफ्रिकेतलं रक्त विमानाने बाहेर नेऊन त्यावर आपली नावं लावण्याचा रिवाज पुष्कळ झाला. भारताने त्या रांगेत उभं राहू नये. बाईचं नाव, वस्ती, निकाल बाहेर फुटणार नाही याची लेखी हमी पहिल्या कागदातच असावी. कंपाउंडमध्ये बातमी एका दुपारीत घरी पोचते, आणि त्यानंतर त्या बाईने कुठे जायचं याचं उत्तर कुठल्याच सरकारकडे नसतं.

खर्च मी मोठा मागत नाही. औषधांच्या एखाद्या मोठ्या खेपेपुढे हा पैसा किरकोळ ठरेल. यापुढे आफ्रिकी देशांशी आरोग्याचे जे करार होतील त्यांत किती टन औषधं, किती रुग्णवाहिका हे लिहिलं जाईलच. त्याच पानावर एक ओळ अजून असावी: दिलेलं पोचलं की नाही हे बाधित आयांच्या आणि त्यांच्या बाळांच्या रक्तातून दर दोन वर्षांनी मोजलं जाईल, आणि त्याचा खर्च भारत उचलेल. ही ओळ लुसाकापासून सुरू करा. या कामात माझ्यासारख्या जुन्या माणसांचा उपयोग असेल तर कळवा. जिल्ह्याजिल्ह्यांत माझ्या वेळचे समुपदेशक आणि तंत्रज्ञ आहेत. रजिस्टरमध्ये काय राहून जातं हे त्यांना विचारलं तर ते सविस्तर सांगतील.

आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली नम्र,
एक माजी एचआयव्ही समुपदेशक